राई राखली, डोंगराचे काय?

महाविद्यालयात आल्यावर पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला गाव विचारले. मी ‘राई’ म्हणालो आणि मागच्या बाकावर हशा पिकला. तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडले की ‘आता हा राईचा पर्वत करणार’ असे कोणीतरी पुटपुटतेच. मित्रांच्या या विनोदाचा आज मी थोडा फायदा घेणार आहे. कारण मला जे सांगायचे आहे ते खरोखरच राईचे आणि पर्वताचे आहे. राईवरचे संकट पर्वतावर कसे गेले, आणि ते जात असताना आम्ही राईकर कसे स्वस्थ बसलो, त्याची ही हकिगत आहे.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगतो. भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जाणाऱ्या बसमध्ये बसले की मिठागरे आणि खाजणे यांच्या कडेकडेने मुर्धा, राई, मोर्वा ही एकमेकांना खेटून असलेली गावे लागतात. पुढे लागते ती डोंगरी. (मुंबईतली तुरुंगाची डोंगरी नव्हे.) त्यापलीकडे उत्तन, पाली, चौक आणि मग समुद्र. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी आणि मध्ये भरतीचे पाणी शिरणारी खाजणे. या टापूला जुनी माणसे आजही धारावी बेट म्हणतात. वसईच्या मोहिमेत १७३९ साली चिमाजी आप्पांनी घेतलेला धारावीचा किल्ला इथलाच. माहीमजवळच्या प्रसिद्ध धारावीशी त्याचा काही संबंध नाही. भरावाने आणि रस्त्यांनी बेटाचे बेटपण केव्हाच पुसले. पण आषाढातल्या उधाणाला खाजणात पाणी चढते तेव्हा हे बेट होते हे सांगावे लागत नाही.

आता कारशेडकडे वळतो. दहिसर पूर्वेहून मीरा-भाईंदरकडे येणारी मेट्रो ९ ही मार्गिका मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने हाती घेतली. गाड्या रात्री उभ्या करायला, धुवायला, दुरुस्त करायला मोठी जागा लागते. ती कारशेड प्रथम आमच्याच गावांच्या, म्हणजे राई, मुर्धा आणि मोर्वा यांच्या जमिनीवर आखली गेली. त्या बातमीने गावात जो क्षोभ उसळला तसा मी पूर्वी पाहिला नव्हता. एरवी गणपतीच्या वर्गणीवरून वर्षभर न बोलणारे दोन वाडे एका सतरंजीवर येऊन बसले. निवेदने गेली, हरकती गेल्या, मोर्चे निघाले. बायका पुढे होत्या. आणि विशेष म्हणजे ऐकले गेले! कारशेडची जागा बदलली. नवी जागा ठरली ती डोंगरीच्या डोंगरावरची सरकारी जमीन.

गावात पेढे वाटले गेले. मीही एक खाल्ला.

पुढे २०२५ च्या मार्चमध्ये त्या डोंगरावरची बारा हजारांवर झाडे तोडण्यासंबंधीची जाहीर नोटीस महानगरपालिकेने काढली. डोंगरी-उत्तनच्या लोकांनी हरकती घेतल्या, शहरातले निसर्गप्रेमीही त्यांच्या बाजूने उभे राहिले. प्रकल्पांच्या जागा कागदावर पुढेही बदलतात, मागेही सरकतात. कारशेड शेवटी कोणत्या गटक्रमांकावर उभी राहते हा माझ्या लेखाचा विषय नाही. माझा विषय ती नोटीस निघाली त्या आठवड्यातली राई हा आहे. नाक्यावर चहा पिताना कोणीतरी ती बातमी मोठ्याने वाचली. आकडा ऐकून एक-दोघे हळहळले. मग आमच्यातल्याच एकाने, जो मोर्चात सर्वांत पुढे होता आणि ज्याच्याविषयी मला मनापासून आदर आहे, सहज विचारले, “पण तिथे काय आहे? नुसते रान तर आहे.”

त्याला कोणी उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. मला ते सुचले नाही असे नव्हे. मनात एक चोर होता. उत्तर दिले असते तर कदाचित कोणी म्हणाले असते, “मग काय, आपल्याकडे परत आणायची?”

‘तिथे काय आहे?’ हे तीन शब्द मला तेव्हापासून सोडत नाहीत. शेताविषयी असे कोणी विचारत नाही, कारण शेताला मालक असतो. घराविषयी विचारत नाही, कारण घराला दार असते. रानाला यांतले काहीच नाही. आपल्या महसुली भाषेत तर रानाची संभावना ठरलेलीच आहे. जे पिकत नाही ते ‘पडीक’, जे कसता येत नाही ते ‘पोटखराबा’. खाजणात निवटी उड्या मारतात, चिंबोऱ्या बिळे करतात, तिवरांच्या मुळांत कोळंबीची पिले वाढतात आणि त्यावर कित्येक घरांची चूल पेटते. तरी सात-बाऱ्यावर त्या जमिनीने काही पिकवलेले नसते. डोंगराचेही तसेच. पावसाचे पाणी त्याच्या अंगात मुरते आणि पायथ्याच्या विहिरींना उतरते. चहूकडे खारे पाणी असलेल्या टापूत गोड्या पाण्याची टाकी म्हणजे डोंगर, हे आपल्या आजोबा-पणजोबांना माहीत होते. आपल्या घरात नळ आला आणि ते ज्ञान गेले.

हा प्रश्न केवळ आमच्या नाक्यावर विचारला जातो असे मात्र नाही. मुंबईच्या मेट्रो ३ ची कारशेड आठवून पाहा. आरेमध्ये २०१९ च्या ऑक्टोबरात दोन रात्रींत २,१४१ झाडे पडली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवली तोवर तोडायची बहुतेक झाडे तोडून झाली होती. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, सरकारने ती कारशेड कांजूरमार्गच्या मिठागराच्या जमिनीवर नेण्याचे ठरवले. आरेवाले आनंदले. मिठागर म्हणजे काय, नुसती खार जमीन! तिच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य यांचे भांडण जुंपले, उच्च न्यायालयाने काम थांबवले आणि २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर कारशेड पुन्हा आरेत गेली. रानातून मिठागरावर, मिठागरावरून पुन्हा रानात. या सगळ्या फेऱ्यांत प्रत्येक पक्षाने दुसऱ्याच्या जागेविषयी तोच प्रश्न विचारला आहे. फक्त त्यांनी तो इंग्रजीत आणि शपथपत्रावर विचारला.

उत्तनकरांना तर या प्रश्नाची सवयच झाली आहे. साऱ्या मीरा-भाईंदरचा कचरा वर्षानुवर्षे उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. त्या ढिगांना आगी लागतात, धूर खालच्या वस्तीत उतरतो, घाण पाणी उताराने शेतात येते, आणि लोक वर्षानुवर्षे तक्रारी करत आहेत. आमच्या राईतला कचराही त्याच गाडीतून जातो. सकाळी घंटा वाजवत गाडी येते, आपण पिशवी टाकतो आणि दार लावतो. गाडी पुढे कोठे जाते हे बसच्या त्याच रस्त्यावर राहणाऱ्या आम्हांला ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये.

येथे कोणी विचारील, की मग तुमच्या गावाने लढायलाच नको होते काय? जमिनी मुकाट्याने देऊन टाकायच्या होत्या? नाही. आमचे लढणे योग्यच होते. पिढ्यान्‌पिढ्या राहती घरे आणि उरलीसुरली शेते ज्यांची जाणार ते लढणारच. माझा आक्षेप लढण्याला नाही; तो लढा जेथे थांबला त्या जागेला आहे. आमच्या मागणीत ‘येथे नको’ एवढेच होते. ‘कोठे आणि कशाच्या बदल्यात’ हे आम्ही विचारलेच नाही. आम्ही जमीन वाचवली, हे खरे. पण त्याला गावात आता ‘आपण निसर्ग वाचवला’ असे म्हणू लागले आहेत, आणि ते मला बोचते. जागा बदलून निसर्ग वाचत नाही, बिल दुसऱ्याच्या नावे फाटते.

दुसरा प्रश्न मेट्रोचा. मेट्रो नको असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. सकाळच्या विरार लोकलमध्ये भाईंदरला चढण्याचा प्रयत्न ज्याने केला आहे तो असे म्हणणार नाही. गाड्या चालायच्या तर त्या उभ्या करायला जागा लागणारच. पण जागा शोधताना सर्वांत आधी रानाकडेच बोट का जाते? उत्तर सोपे आहे. तेथे मोबदला द्यावा लागत नाही, पुनर्वसन करावे लागत नाही आणि मोर्चा निघण्याची शक्यता कमी असते. म्हणजे रान स्वस्त आहे ते त्याला कोणी वाली नाही म्हणून. हे एकदा लक्षात आले की जाणत्या नागरिकाचे काम काय हेही लक्षात येते: रानाची किंमत वाढवणे. ती पैशात वाढणार नाही, वाली वाढल्यानेच वाढेल.

आपल्या पूर्वजांनी ही युक्ती फार जुन्या काळी काढली होती, आणि तिचे नाव योगायोगाने माझ्या गावाचेच आहे. दाट झाडीला मराठीत राई म्हणतात. आमच्या गावाच्या नावाची व्युत्पत्ती विद्वानांवर सोडू. पण देवराई हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. सह्याद्रीच्या गावोगावी देवाच्या नावाने राखलेली ही झाडी. १९७० नंतरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी पायपीट करून या देवरायांचा अभ्यास केला आणि आजूबाजूचे डोंगर बोडके झाले असताना जुनी, दुर्मिळ झाडे या तुकड्यांत टिकून आहेत हे दाखवून दिले. कित्येक देवरायांत वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही असा नियम असे. याला अंधश्रद्धा म्हणून हसणे सोपे आहे, आणि भीती होतीच, हे कबूल. पण त्या नियमाची रचना पाहण्यासारखी आहे. कुऱ्हाड प्रथम स्वतःच्या खांद्यावरून उतरवायची. शेजारच्या गावाने तोडू नये असा तो नियम नव्हता. आम्ही तोडणार नाही असा होता. आणि ज्या जागेला मालक नाही तिला देव हा मालक देऊन टाकला की ‘तिथे काय आहे?’ या प्रश्नाला कायमचे उत्तर मिळे: तिथे देव आहे.

देवराईचे फार गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. देवळाला सिमेंटचा सभामंडप बांधायचा म्हणून त्याच देवाची झाडे विकणारी गावेही याच महाराष्ट्रात झाली. देव तोच, राई गेली. तेव्हा केवळ श्रद्धेवर भिस्त ठेवून चालणार नाही, हेही त्यातून शिकावे.

श्रद्धेच्या जागी विचारविनिमय ठेवून तेच काम करणारे एक गाव आपल्याच राज्यात आहे. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा (लेखा). धानोरा तालुक्यातले गोंडांचे लहानसे गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांनी ऐकली असेल. घोषणा ऐकून वाटते की गाव बंडखोर असावे. प्रत्यक्षात ते शिस्तीचे गाव आहे. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी सरकारकडे काही मागण्यापूर्वी स्वतःवर बंधने घातली. जंगलातून काय आणायचे, किती आणायचे, कोणते झाड तोडायचे नाही, हे ग्रामसभेत सर्वसंमतीने ठरे. बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने! एकाचा विरोध असला तरी पुन्हा बसायचे. शिवाय वेगळा अभ्यासगट असे, कारण माहिती नसताना घेतलेला निर्णय सर्वांचा असला तरी चुकू शकतो. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशातल्या अशा पहिल्या गावांपैकी ते एक. तरी स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने हाती यायला २०११ साल उजाडले. इतक्या वर्षांच्या चिकाटीपुढे आमचा मोर्चा मला फार छोटा वाटतो.

‘ते आदिवासी गाव, आपण शहरात, येथे कसले सामूहिक हक्क?’ असे मित्र म्हणतात. त्यात तथ्य आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामसभा नाही. पण शहरात निराळी साधने आहेत आणि आपण तीही वापरत नाही. खाजणातले तिवर आज उभे आहेत ते एका जनहित याचिकेमुळे. ६ ऑक्टोबर २००५ ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांची तोड थांबवण्याचा अंतरिम आदेश दिला आणि १७ सप्टेंबर २०१८ ला तो अंतिम निकालाने कायम केला. कांदळवन व त्याभोवतीचे पन्नास मीटर येथे बांधकामास मनाई आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांचा हा पहिला आदेश. तरी आपल्याच परिसरात रात्री डंपर येतात, तिवरांवर राडारोडा पडतो, वर्षभरात त्यावर पत्रे उभे राहतात. हे कोण करते ते सर्वांना माहीत असते आणि कोणी पाहिलेले नसते. आदेश न्यायालयाचा आहे. राखण गावाची नाही. डोंगराच्या झुडपांना तर एवढाही आदेश नाही.

झाडांच्या बाबतीत १९७५ चा महाराष्ट्राचा नागरी वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे. त्याखाली नोटीस वर्तमानपत्रात येते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. फक्त सात! त्या सात दिवसांत नागरिकाने काय लिहायचे? ‘झाडे तोडू नयेत’ एवढे पोस्टकार्डावर मावते, पण त्याने कोणाचे समाधान होत नाही. कोणती झाडे, किती जुनी, कोणत्या ओढ्याच्या काठी, खालच्या कोणत्या विहिरीचा संबंध, कोणते पक्षी घरटी करतात, हे ज्याला आधीपासून माहीत असेल तोच सात दिवसांत लिहू शकेल. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जुन्या झाडाच्या वयाइतकी नवी रोपे लावण्याची तरतूद आली. कागदावर हिशेब छान जुळतो. पण रोपे मोजता येतात म्हणून लावली जातात, आणि रान मोजलेले नसते म्हणून त्याचे काय गेले ते लिहिले जात नाही.

मी त्या सात दिवसांत हरकत पाठवली नाही. परीक्षा जवळ होती, हे एक कारण. लिहायला बसलो तर दोन ओळींपुढे काही सुचेना, हे दुसरे आणि अधिक खरे कारण. ज्या डोंगराकडे मी लहानपणापासून बसच्या खिडकीतून पाहत आलो त्याच्यावरच्या पाच झाडांची नावे मला नक्की सांगता येईनात. ताड, आंबा, चिंच, करवंद… आणि मग गाडी अडली. आमच्या शेतासाठी गावाने लिहिलेल्या हरकती मी पाहिल्या होत्या; त्यांत बांधाबांधाचे, विहिरीविहिरीचे नाव होते. डोंगरासाठी लिहायला माझ्याजवळ एक ‘निसर्ग’ एवढाच शब्द होता.

या बेटावर सगळे एकत्र आल्याचे उदाहरण नाही असे मुळीच नाही. २००७ च्या सुमारास गोराई, मनोरी, उत्तन या पट्ट्यात विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा कोळी, आगरी, ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांनी एकजुटीने विरोध केला आणि तो प्रस्ताव मागे पडला. देवळातली आणि चर्चमधली माणसे एका व्यासपीठावर होती. तेव्हा सगळ्यांचेच जाणार होते, म्हणून सगळे आले. एकाचे जाऊन दुसऱ्याचे वाचणार असते तेव्हा काय करायचे, ही परीक्षा त्या वेळी झाली नव्हती. ती आता झाली, आणि आम्ही राईकर तिला बसलोच नाही.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने यात काय करायचे, असे मला एका प्राध्यापकांनी विचारले. त्यांचा सूर थट्टेचा नव्हता. वनस्पतिशास्त्र आपल्याकडे नाही, हे खरे. पण भूगोल आहे, इतिहास आहे आणि मराठी आहे. माझी सूचना अगदी साधी आहे. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, उत्तन येथून आपल्या महाविद्यालयात येणारे विद्यार्थी थोडे नाहीत. प्रत्येकाने आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून खाजणांची, बांधांची, उघाड्यांची, डोंगरावरच्या पायवाटांची, झऱ्यांची आणि जुन्या झाडांची नावे लिहून आणावी. भूगोल विभागाच्या मदतीने ती नकाशावर भरावी. एक जाड वही ग्रंथालयात ठेवावी आणि पुढच्या वेळी सात दिवसांची नोटीस येईल तेव्हा ती उघडावी. राईच्या मुलाने डोंगरीचा भाग लिहावा आणि डोंगरीच्या मुलाने राईचा, अशी माझी आणखी एक अट आहे. ती विद्यार्थी मंडळाने मान्य करावी असा माझा आग्रह राहील.

मी सुरुवात केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत आजीजवळ बसून डोंगराच्या बाजूची नावे विचारली. ती तरुणपणी लाकूडफाट्यासाठी आणि करवंदांसाठी तिकडे जात असे. तिने सहा नावे सांगितली. मी ती लिहून घेतली आणि दुसऱ्या दिवशी तिला रिक्षाने डोंगरीपर्यंत घेऊन गेलो. चार जागा तिने बसल्या बसल्या बोटाने दाखवल्या. उरलेल्या दोन कोठे होत्या ते तिला नेमके सांगता येईना. ती बराच वेळ वर पाहत राहिली. मग म्हणाली, “तुझा आजा असता तर त्यानी दाखवल्या असत्या.”